वसईत जे दिसत नाही, ते पाहायला

तुम्ही बंदर दरवाजाशी उभे आहात. मागे किल्लाबंदरचा कोळीवाडा जागा झालाय, वाळत घातलेल्या मासळीचा वास नाकात आहे आणि खाडीपलीकडे भाईंदरच्या बाजूची डोंगरी धुरकट दिसते आहे. सकाळचे सात वाजलेत. नोव्हेंबर असल्यामुळे हवेत थोडा गारवा आहे. मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी टाका. फोटो परतताना काढता येतील. आत्ता तुम्हाला डोळ्यांपेक्षा कानांची गरज जास्त आहे.

आणि हे आधीच ठरवून टाका, की आज सगळा किल्ला पाहायचा नाही. सुमारे 110 एकरांचा पसारा आहे हा. दहा बुरूज, आतला बालेकिल्ला, जेझुइटांचं चर्च, फ्रान्सिस्कनांचं चर्च, डोमिनिकनांचं चर्च, शिवाय झाडीत हरवलेल्या किती तरी भिंती. दोन तासांत हे सारं उरकलं, की घरी जाताना डोक्यात एकच चित्र उरतं: कमान, काळा दगड आणि त्यावर वडाची मुळं. कोणती कमान कोणत्या चर्चची, तेही आठवत नाही. एका सकाळी एकच वास्तू पाहावी, आणि त्या वास्तूचाही एखादाच काळ. वसईने मला शिकवलेलं सगळ्यांत मोलाचं हेच.

दरवाजातून आत आलात की थोड्याच अंतरावर उंच मनोरा दिसतो. ते सेंट जोसेफचं चर्च, पोर्तुगीज वसईचं मुख्य चर्च. 1546 मध्ये ते उभं राहिलं. मनोऱ्याखालच्या कमानीतून आत जा आणि मध्यभागी उभे राहा. वर आभाळ आहे. पोपटांचा एक थवा कलकलाट करत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो. पायाखाली गवत आहे, दवाने ओलं.

आता काय आहे ते पाहण्याआधी काय नाही ते शोधा. भिंतीच्या वरच्या कडेने चौकोनी खोबण्या दिसतात का? तिथे सागवानी तुळया बसत होत्या. त्या खोबण्यांवरून नजर सरळ रेषेत समोरच्या भिंतीपर्यंत न्या, म्हणजे छप्पर आपोआप परत येतं. कोपऱ्यांत, जिथे पाऊस थेट लागत नाही तिथे चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे अजून चिकटून आहेत. त्यांवर बोट ठेवा. ही इमारत काळी नव्हतीच. ती आतून बाहेरून पांढरी होती, समुद्रातून येणाऱ्या गलबताला दुरून दिसेल इतकी पांढरी. आपण ज्या काळ्याभोर, उदास सौंदर्याच्या प्रेमात पडतो ते पावसाने आणि शेवाळाने नंतर दिलेलं आहे. ते काढून टाका. भिंती पांढऱ्या करा. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं बसवा. पोर्तुगीज हिंदुस्थानात काचेच्या जागी चपटे, अर्धपारदर्शक शिंपले लाकडी चौकटीत बसवत असत आणि त्यांतून येणारा उजेड दुधाळ असे. तो उजेड भिंतींवर पसरू द्या.

आता साल 1601 आहे.

हे साल अंदाजाने निवडलेलं नाही. प्रवेशदारावरच्या शिलालेखातच ते आहे: त्या वर्षी गोव्याचे आर्चबिशप दों आलेइशो द मेनेझिस आणि इथले व्हिकार पेद्रो गाल्व्हांव परेरा यांच्या कारकिर्दीत हे चर्च नव्याने बांधून वाढवलं गेलं. त्यामुळे तुम्ही उभे आहात त्या जागेला ओल्या चुन्याचा वास आहे. बाक नाहीत. माणसं उभी आहेत, गुडघे टेकून आहेत, बायका खाली जमिनीवर बसल्या आहेत. वेदीजवळचा पाद्री लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिसा म्हणतो आहे. त्यातला शब्द न शब्द कळणारे इथे मोजकेच आहेत. पुढच्या बाजूला फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज उमराव. त्यांच्या मखमलीला उन्हाळ्याचाही विचार नाही. ते पालखीतून आले आहेत, त्यांच्या डोक्यावर छत्री धरणारे दाराबाहेर थांबले आहेत आणि त्यांतले अनेक गुलाम आहेत, काही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने 1534 च्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांना लिहून दिली. मुंबईची बेटंही त्याच तहात गेली. तेव्हापासून पासष्टेक वर्षांत ही नगरी गोव्याखालोखाल वैभवाची झाली आहे.

गर्दीत थोडं मागे सरका. मागच्या बाजूला गावातली माणसं आहेत. ती आपसात जी कुजबुज करतात ती तुम्हाला कळते, कारण ती आपलीच भाषा आहे, थोड्या वेगळ्या हेलाची. त्यांच्यात गोन्सालो गार्सियाचं नाव निघत असेल. इथेच जन्मलेला, आई वसईची, बाप पोर्तुगीज शिपाई. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या शाळेत शिकला, कोवळ्या वयात जपानला गेला, तिथे व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्याला क्रूसावर चढवलं. म्हणजे या सकाळी त्या गोष्टीला फक्त चार वर्षं झाली आहेत. त्याला मुलगा म्हणून गल्लीत पळताना पाहिलेली माणसं तुमच्या आजूबाजूला गुडघे टेकून असतील. पोप नववे पायस त्याला संत घोषित करतील ते 1862 मध्ये, म्हणजे या भिंतींची पडझड झाल्यावर. आत्ता तो संत नाही, कुणाचा तरी मुलगा आहे.

पण याच गर्दीत नसलेल्या माणसांकडेही पाहायला हवं. त्याशिवाय हा काळ खरा होत नाही. तटाबाहेरच्या गावांत हिंदूंना उघडपणे आपले विधी करायला बंदी आहे. देवळं पाडली गेली आहेत. वडील वारलेल्या हिंदू मुलांना उचलून बाप्तिस्मा देण्याचे हुकूम निघालेले आहेत. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन बसलेलं आहे आणि त्याचा हात इथवर पोहोचतो. या पांढऱ्या भिंतींचं सौंदर्य आणि त्या माणसांचं भय एकाच वेळी मनात धरणं अवघड जातं. तरी धरा. एक सोडून दुसरं घेतलंत तर किल्ला अर्धाच पाहिल्यासारखा होईल.

आता मनोऱ्यातली घंटा वाजते.

ती ऐकू येण्यासाठी तुम्हाला खरोखर शांत बसावं लागेल. सावलीतला एखादा दगड शोधा आणि पंधरा-वीस मिनिटं काहीही न करता बसा. पहिली पाच मिनिटं मन पळापळ करेल. नंतर आवाज वेगवेगळे होऊ लागतील: खाडीतली यांत्रिक होडी, दूर कुठे तरी लाकूड फोडणारं कुणी, ताडाच्या पानांची खरखर. हे सगळे आवाज घंटेच्या टप्प्यातले आहेत. ती वाजे पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला. कुणी वारलं की, आग लागली की, गलबत दिसलं की. घड्याळ नसलेल्या गावाला दिवसाचे तुकडे पाडून देणारी तीच होती. होडीवाल्यालाही ती ऐकू जात होती आणि तटाबाहेरच्या, देऊळ गमावलेल्या शेतकऱ्यालाही.

1618 च्या मे महिन्यातल्या वादळापाशी फार थांबू नका. समुद्र गावात घुसला, चर्चची छपरं उडाली, लोकांना जगबुडी आल्यासारखं वाटलं. छपरं पुन्हा चढली. पुढची शंभर वर्षं भराभर ओलांडा. व्यापार हळूहळू ओसरतो, 1661 च्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण जाते, उमरावांची घरं तीच राहतात आणि तिजोऱ्या हलक्या होतात.

आता थांबा. साल 1739, मे महिना. उन्हाने दगड तापलेत, आभाळ भरून येऊ लागलंय आणि उत्तरेकडून तोफांचा आवाज थांबतच नाही.

मराठ्यांची मोहीम 1737 मध्येच सुरू झालेली आहे. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या इथल्याच माणसांनी पेशव्यांचे उंबरे झिजवले, पोर्तुगीजांच्या जाचाची गाऱ्हाणी मांडली, वाटा आणि उतार दाखवले. ठाणं पडलं, साष्टी गेली. या वर्षीच्या मार्चमध्ये खाडीपलीकडची धारावीही पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पांनी घेतली. सकाळी पाहिलेल्या त्याच डोंगरीवरची. वसईला पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला दलदल. हल्ला करायला जमीन अशी उत्तरेकडेच. त्या बाजूला सेंट सेबास्तियनचा बुरूज आहे आणि त्याच्या पायाखाली मराठ्यांचे सुरुंग खणले जात आहेत. पावसाळ्याआधी किल्ला पडलाच पाहिजे. नाही तर मोर्चे पाण्याखाली जातील आणि समुद्र पोर्तुगीजांच्या बाजूने उभा राहील.

तुम्ही मात्र चर्चमध्येच राहा. बाहेरच्या लढाईच्या हकिकती पुस्तकांत पुष्कळ आहेत, आतला हा मे महिना फारसा कुणी पाहत नाही. तीच वेदी, पण तिच्यावरची चांदी गेलेली आहे. पैसा संपल्यावर पोर्तुगीजांनी मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरले आणि इंग्रजांनी 15,000 रुपये दिले ते चर्चची चांदीची भांडी व काही पितळी तोफा तारण घेऊन. जमिनीवर बायकामुलं दाटीवाटीने बसली आहेत. किल्ल्याचा सेनापती सिल्व्हेरा द मेनेझिस लढाईत पडलाय आणि सूत्रं काएतानो द सौझा परेराच्या हाती आहेत. 1601 च्या मिसेत अर्थ न कळता ऐकलेली लॅटिन प्रार्थना आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

मग सुरुंग उडतात. तुम्ही बसला आहात तो दगडही हलतो. दोन दिवस खिंडारात हातघाईची लढाई होते, आणि मराठ्यांची माणसं इतकी पडतात की विजयाच्या पत्रांतूनही ते दुःख लपत नाही. तोफेतून आपलं मस्तक तरी किल्ल्यात टाका, असं अप्पा म्हणाल्याची आख्यायिका महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली ती याच दिवसांची. 16 मे 1739 ला शरणागतीची कलमं ठरतात. पोर्तुगीजांना आठ दिवसांत चीजवस्तू घेऊन, सैन्याच्या मानाने बाहेर पडू द्यायचं. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळू द्यायचा. दोन्हीही पाळलं जातं. आपल्या इतिहासातलं हे कलम शाळेतल्या पुस्तकांत ठळक छापायला हवं असं मला मनापासून वाटतं. इतकी माणसं गमावल्यावर, दोनशे वर्षांचा राग मनात असताना, जिंकलेल्या सेनेने तो शब्द पाळला.

बंदर दरवाजातून माणसं गलबतांकडे निघाली आहेत. तुम्ही मघाशी त्याच दरवाजातून उलट्या दिशेने आलात. कुणाच्या हातात मूल आहे, कुणाच्या हातात पेटी. पूर्वजांची थडगी मात्र नेता येत नाहीत.

आणि घंटा? मान वर करा. मनोरा रिकामा आहे.

मराठ्यांनी या मोहिमेत वसई-साष्टीच्या अनेक चर्चमधल्या घंटा उतरवल्या आणि विजयाची खूण म्हणून देवांना वाहिल्या. एक भीमाशंकरला आहे, ज्योतिर्लिंगाच्या आवारात. एक वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे. तिच्यावर 1707 साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियम. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा तर साऱ्या शहराच्या बोलण्यात आहे. एवढं जड ओतकाम भीमाशंकरच्या माथ्यापर्यंत, घाट चढून, त्या काळच्या वाटांनी कसं गेलं असेल याचा नुसता अंदाज करून पाहा. वसईत जे नाही ते हरवलेलं नाही, दुसरीकडे आहे. एखाद्या वास्तूतून आणखी काही मिळवायचं असेल तर मला माहीत असलेली सगळ्यांत चांगली वाट हीच: तिच्यातून जे गेलं त्याच्या मागोमाग जा. घंटेच्या मागे मेणवलीला. दगडाच्या मागे जुन्या गोव्याला, कारण तिथल्या बॉम जेझुस बासिलिकाच्या दर्शनी भागातले खांब आणि कोरीवकाम ज्या काळ्या दगडाचं आहे तो वसईहून नेलेला होता. गोव्याचा जांभा असं बारीक काम धरत नाही. नवसाच्या मागे गेलात तर वज्रेश्वरीला पोहोचाल. वसई जिंकली तर देवीचं मंदिर बांधीन असा अप्पांचा नवस होता असं सांगतात, आणि तिथलं मंदिर किल्ल्यासारखं बांधलेलं आहे ते पाहिलं की ती गोष्ट पटते.

उन्हं वर आलीत. एवढं झाल्यावर फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनीच्या चर्चपर्यंत चालत जायला हरकत नाही, पण तिथे एकच गोष्ट पाहा: जमीन. ती थडग्यांची आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या शिळा, काहींवर घराण्याची चिन्हं, शिरस्त्राणं, पिसारे, आणि खाली ठसठशीत रोमन अक्षरं. त्या काळी यू हे अक्षर व्ही सारखं कोरत, एवढं ठाऊक असलं की नावं वाचता येऊ लागतात. तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात, म्हणून सकाळीच या. भर दुपारी तीच शिळा कोरी वाटते. खाली बसा. एक नाव पूर्ण वाचा, एक साल पूर्ण वाचा. हा माणूस 1601 मध्ये जिवंत होता का? त्या ओल्या चुन्याच्या वासात तो उभा होता का? उत्तर हो असेल तर तुमची त्याची भेट आज सकाळीच झालेली आहे.

आणि मग किल्ल्याबाहेर पडा. मला विचाराल तर फेरीचा अर्धा भाग अजून बाकी आहे, आणि बहुतेक लोक तो न करताच स्टेशनकडची रिक्षा पकडतात.

पापडीला जा. तिथलं अवर लेडी ऑफ ग्रेसचं चर्च सोळाव्या शतकातलं आहे. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा ते कॅथेड्रल झालं. आठवड्यातला मधला दिवस, दुपारची वेळ, आत कुणी नाही. चपला वाजणार नाहीत असं चाला. सगळ्यांत मागच्या बाकावर बसा. प्रार्थनेला आलेल्या माणसाचा फोटो काढू नका, आणि मिसा सुरू झाली तर शांतपणे मागे बसून राहिलं तरी कुणी हरकत घेत नाही. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र जाऊ नका, तो त्या श्रद्धेच्या माणसांचा आहे.

इथे छप्पर आहे, चुना आहे, वर घंटा आहे. सकाळी तुम्ही मनाने जे जे परत बसवलंत ते इथे जागच्या जागी आहे. म्हणून मी म्हणतो की आधी पडकं पाहावं, मग नांदतं. पडक्या भिंती पाहून तयार झालेली नजर नांदत्या चर्चमध्ये शंभर गोष्टी टिपते. नावांच्या फलकाकडे बघा, आवारातल्या थडग्यांकडे बघा. लोपीस, डाबरे, तुस्कानो, परेरा, आणि त्यांच्याखाली मराठी अक्षरं. 1739 नंतर मागे राहिलेल्यांची ही लेकरं. लाल लुगड्यातल्या एखाद्या सामवेदी आजी येऊन तुमच्या पुढच्या बाकावर बसतील, माळ काढतील आणि पुटपुटू लागतील. कान द्या. 1601 मध्ये जी भाषा फक्त मागच्या रांगेत कुजबुजली जात होती ती आता वेदीवर आहे. विसाव्या शतकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनची सक्ती उठवली आणि वसईची मिसा मराठी झाली. याच वसईच्या मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बायबल सुबोध मराठीत आणलं आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. किल्ल्यात तुम्ही जी माणसं शोधत होतात ती संपलेली नाहीत. त्यांच्याशी बोला. आजींना विचारा, सणाला काय करता, लग्नात कोणती गाणी म्हणता. पुरातत्त्व खात्याच्या फलकावर नसलेलं खूप काही त्या सांगतील.

जाताना दोन गोष्टी ठरवून जा. पुढच्या वेळी भीमाशंकरला किंवा मेणवलीला गेलात तर घंटेपाशी थांबून तिच्यावरचं साल वाचा आणि बरोबरच्या मुलांना ती कुठून आली ते सांगा. आणि किल्ल्यात कुणी गिलाव्यावर किंवा थडग्याच्या शिळेवर नाव कोरताना दिसलं, तर गप्प राहू नका, त्याला तिथल्या तिथे थांबवा. त्या शिळांवर छप्पर नाही. दर पावसाळ्यात अक्षरं थोडी झिजतात, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.